दुसऱ्यासाठी ठेवलेलं

शिरवण्याच्या गावठाणात हिरामण पाटलांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मोनालीचं बिऱ्हाड होतं. दोन खोल्यांत नवरा, सासू, चार वर्षांची क्षिप्रा आणि सामान. सामान म्हणजे क्षिप्राचंच, ती तान्ही असतानाचं. कठड्याचा लाकडी पलंग, बाबागाडी, वॉकर, भरवायची उंच खुर्ची, आंघोळीचा टब. सगळं बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून त्यावर जुनी साडी टाकलेली. ते दुसऱ्या बाळासाठी होतं.

दुसरं बाळ होणार नव्हतं. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. दुसऱ्या खेपेला मोनालीच्या जिवावर बेतलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवराबायकोला समोर बसवून स्पष्ट सांगितलं की आता पुन्हा नको. बाहेर आल्यावर रणजीत म्हणाला, "आईला एवढ्यात सांगू नको. मी बघतो, वेळ बघून सांगतो." त्याला पावणेदोन वर्षं होऊन गेली होती.

रणजीत वाशीच्या एपीएमसी बाजारात कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर मापाडी होता. पहाटे जायचा, दुपारी यायचा, जेवून आडवा व्हायचा. दिवसभर घरात समोरासमोर असायच्या त्या मोनाली आणि शकुबाई. सासू तशी वाईट नव्हती. सुनेला कधी वेडंवाकडं बोलली नाही. पण दर महिन्याला मोनालीची पाळी आली की सासूचा चेहरा उतरायचा, आणि दोन दिवसांनी पुन्हा उमेद धरून ती सुनेला कोरेगावच्या वैद्याची पुडी पाण्यात कालवून द्यायची. मोनाली ती तिच्यासमोर पिऊन टाकायची.

लग्नाआधी तिनं वाशीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम केलं होतं. पुन्हा नोकरी धरावी म्हटलं तर शकुबाई म्हणायची, दुसरं होऊ दे, मग दोन्ही पोरं मी सांभाळते, तू खुशाल जा. याला एकच उत्तर होतं आणि ते द्यायची मोनालीला मुभा नव्हती. कधी कधी भाजी निवडता निवडता तिची नजर त्या साडीवर जायची आणि वाटायचं, आपल्यालाही कुणीतरी असंच झाकून भिंतीला लावून ठेवलंय.

दिवाळी सरून तुळशीचं लग्न लागल्यावर शकुबाई भाचीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेली. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी क्षिप्रा त्या साडीखाली शिरली. तिला तेवढीच लपायला जागा. पलंगाच्या कठड्याची एक पट्टी निखळली होती, तिथून तिनं डोकं आत घातलं आणि ते मागं येईना. पोर गुदमरल्यासारखी रडायला लागली. मोनालीनं तेल लावलं, मान तिरकी करून पाहिली, पण ओढलं की पोर किंचाळे. तिचा आवाज ऐकून खालून घरमालकीण गोजराकाकी आल्या. त्यांनी एकदा पाहिलं, खाली गेल्या आणि करवत घेऊन आल्या.

काकींनी क्षिप्राचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि मोनालीनं शेजारची पट्टी कापली. पोर सुटली. कानामागं थोडं खरचटलं होतं, बाकी काही नाही. मोनाली मात्र करवत हातात धरून तशीच बसून राहिली.

गोजराकाकींनी साडी बाजूला करून सगळं सामान पाहिलं. "पोरीला पाय टाकाला जागा नाय," त्या म्हणाल्या, "आनि जो आला नाय त्याला आख्खी भिंत दिली हाय?"

मोनालीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा त्यांनी पुढं काही विचारलं नाही. गच्चीवर पत्र्याखाली जागा आहे, तिथं ने हे सगळं, एवढं सांगून करवत तिच्याकडंच ठेवून त्या गेल्या.

सामान नुसतं वर हलवायचं असंच मोनालीनं ठरवलं होतं. पण वर उजेडात मांडल्यावर तिला ते पुन्हा झाकवेना. तिनं पलंगाचा पुढचा कठडा पुरता काढला आणि उरलेल्या पट्ट्या पॉलिश पेपरनं घासून ठोकून घट्ट केल्या. पलंगाचं बाकडं झालं. उंच खुर्चीचे पाय कापले, तिचं खेळातलं दुकान झालं. टब खालच्या बांधकामावरच्या वाळूनं भरला. बाबागाडीचं छत काढून त्या बाकड्यावर सावलीला बांधलं आणि वॉकरच्या चाकांवर फळी ठोकून गाडी केली. चार दिवस ती हेच करत होती. इतकी वर्षं जपून पुसलेल्या वस्तूंवर करवत चालवताना तिला आधी छातीत कळ आल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या दिवशी ते थांबलं.

इमारतीतली पोरं दुसऱ्याच दिवसापासून वर यायला लागली होती.

रणजीतनं ते पाहिलं आणि तो बाकड्यावर बसला. आईला काय सांगायचं, एवढंच त्यानं विचारलं.

"त्या यायच्या आत तुम्ही फोन करून सांगा," मोनाली म्हणाली. "नाही तर मी सांगणार."

त्यानं मान डोलावली. फोन मात्र केला नाही.

शकुबाई आली ती दुपारी. रिकामी भिंत पाहून तिनं आधी विचारलं, कुणाला दिलंस का? मोनाली तिला गच्चीवर घेऊन गेली. पोरं गाडी ढकलत होती. शकुबाईनं कापलेल्या कठड्यावरून हात फिरवला. तिच्या नजरेत काय आहे ते वाचायला मोनाली थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा गप्प बसली असती.

"आत्या, दुसरं होणार नाही. डॉक्टरांनी दोन वर्षांमागंच सांगितलंय. ह्यांना ठाऊक आहे. मी तुमची पुडी उगाच पीत होते."

शकुबाई खाली बसली.

"लग्नात समद्यांनी इचारलं," ती म्हणाली. "म्या सांगून आले, पुढच्या दिवाळीपत्तुर पाळणा हलतोय. आता कुठल्या तोंडानं जाऊ गं म्या?"

मोनालीला राग यायला हवा होता. पण तिला दिसलं की दर लग्नात, दर बारशाला हा प्रश्न आधी हिलाच विचारला जात होता आणि ही एकटीच त्याला उत्तरं देत होती. ती सासूशेजारी बसली आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते पहिल्यापासून सांगितलं. रक्त किती गेलं, रणजीत बाहेर कसा उभा होता, सगळं. शकुबाईनं ऐकलं. जवळ घेतलं नाही, आणि उठूनही गेली नाही.

आठवडाभर ती रणजीतशी बोलली नाही. ताट पुढ्यात सरकवायची, एवढंच. मग एका सकाळी गावाकडून जावेचा फोन आला. मोनाली आत कणीक मळत होती. शकुबाई बाहेर मोठ्यानं सांगत होती, "न्हाई गं, आता न्हाई व्हायचं. सुनेची तब्येतच तशी हाय. एक नात हाय, ती बास झाली."

दोष सुनेच्या पदरात पडला होता. संध्याकाळपर्यंत तो अख्ख्या भावकीत पोचणार होता, आणि पुढल्या लग्नात बायका तिच्याकडं कशा बघतील तेही मोनालीला ठाऊक होतं. फोन ठेवून शकुबाई दारात आली, तिच्याकडं न बघता म्हणाली, "लॅबवाल्यांना इचारून बघ, जागा हाय का. पोरीला म्या बघते."

मोनालीनं हात धुतले. पुसता पुसता तिच्या ध्यानात आलं की तिथला नंबर आता तिच्याकडं राहिलेला नाही. तो शोधायला कुठून सुरुवात करावी, याचा विचार करत ती ओल्या हातानंच उभी राहिली.