लाल रंगाची जाळी

एल्डनच्या चित्रातून शेजारच्या वेंडेलचा लाल गोठा गायब झाला, तो निव्वळ कंटाळ्यापायी. रेशमी जाळीतून छापायचं म्हणजे दर रंगाला जाळीचा नको तो भाग नव्यानं डिंकानं बुजवा, रबरी पट्टीनं रंग ओढा, खांद्यांचा भुगा करा. सहा रंगांत व्हरमाँटची अख्खी टेकडी बसली होती, बर्फ आणि मेपलच्या झाडांसकट. एका गोठ्यासाठी सातवा रंग कोण छापत बसणार?

दुधाचे कॅन पोचवून परतताना वेंडेल डोकावला. तारेवर वाळणारे कागद बघून त्याचा चेहराच उतरला.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"सोंग नको करूस! गोठा पाडणारेत ते. नव्या महामार्गाला जमीन देऊन बसलोय मी. बायकोला पत्ता नाही अजून. म्युरिएलच्या बापानं बांधलेला गोठा रे तो! तिनं हे चित्र पाहिलं तर मेलोच मी."

एल्डन बघतच राहिला. आपण केला आळस, आणि ह्याला त्यात काय काय दिसलं!

"घाल ना गोठा, बाबा. बर्फ वितळायच्या आत सांगतो तिला, देवाशपथ."

म्युरिएलला सांगावं की गप्प बसावं, एल्डनला काही सुचेना. शेवटी चरफडत त्यानं सातव्या रंगासाठी जाळी ताणली. लाल रंग असा उठला लेकाचा, की गोठा कालच रंगवल्यासारखा दिसला. एक प्रत त्यानं म्युरिएलला दिली. ती इतकी हरखली, की तिनं ती स्वयंपाकघरातच लावली. एल्डन मात्र त्या घरी कॉफीला जायचं टाळू लागला.

बर्फ वितळलं, वेंडेलचं तोंड काही उघडलं नाही. मोजणीवाले खुंट्या ठोकायला आले, तेव्हा म्युरिएलला कळलं.

चित्र बगलेत मारून ती तडक एल्डनकडे आली. भिंतीवर सहा रंगांचा नमुना अजून टाचलेला होता. तिनं तो उपटून आपल्या चित्राशेजारी ठेवला.

"हे आधीचं?"

"हो."

"तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"नाही गं. काहीच ठाऊक नव्हतं."

"आणि गोठा घातलास तेव्हा?"

एल्डन दोन्ही कागदांकडे आळीपाळीनं बघत राहिला. खरं कुठलं नि खोटं कुठलं, त्याचं त्यालाच कळेना. भारी लाज वाटली त्याला.

"तेव्हा होतं," तो म्हणाला.

म्युरिएलनं गोठ्याचं चित्र तिथेच टाकलं आणि बिनगोठ्याचं घेऊन ती घरी गेली.