हनुवटीवरचे तीन ठिपके

वेबसाइटी करायला कुठं शिकलीस, असं कुणी विचारलं की रोहिणी मगदूम म्हणायची, "चुकून." दिराच्या दुकानाची साइट करणारा माणूस काम अर्ध्यात टाकून पुण्याला गेला आणि ते अर्धं हिच्या गळ्यात पडलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. शाहूपुरीत दुकानाच्या माडीवर तिचे दोन कॉम्प्युटर असतात, आणि जयसिंगपूरचं माहेर अजूनही पाहुण्यांना सांगतं की आमची रोहिणी टायपिंग करते.

त्या माडीवर धम्मपाल सर आले. निवृत्त शिक्षक, मलकापूरच्या पुढं डोंगरात वस्ती. तीन वर्षं घरोघर फिरून, ट्रंका उघडायला लावून त्यांनी वस्तीतल्या जुन्या माणसांचे फोटो गोळा केले होते. तीनशे बारा. सगळे त्यांना साइटवर लावायचे होते. अट एकच.

"आमच्याकडं रेंज फक्त विहाराच्या तिसऱ्या पायरीवर मिळती, ताई. तिथं उघडलं पायजे. पुण्या-मुंबईत उघडून आमाला काय करायचंय?"

आता फोटो साइटवर ठेवायचा म्हणजे त्याची घडी घालावी लागते, आणि घडीच्या पद्धती बऱ्याच. जेपीजी ही जुनी, घरोघरची. एव्हीआयएफ ही नवी, अख्खं लुगडं काडेपेटीत बसवणारी. रोहिणी त्या वर्षी नवीच्या प्रेमात होती. तिनं सगळे फोटो एव्हीआयएफमध्ये घातले, वर दर्जाचा आकडाही हात सैल सोडून खाली ओढला. तीनशे बारा माणसं अशी हलकी झाली की फुंकर मारली तर उडावीत. तिनं ते आकडे बघितले आणि स्वतःला चहा करून घेतला. तोंडं काही तिनं एकेक करून बघितली नाहीत.

साइट सरांना बघायला पाठवली, आणि चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "ताई, जरा घोटाळा झालाय. आक्काच बोलत्यात."

आक्का म्हणजे सरांची आई, सरुबाई. ऐंशी कधीच ओलांडलेली.

"बाई, माझ्या आईच्या जागी दुसरीच बाई बसवलीसा तुमी."

"नाही हो आक्का. फोटो तोच आहे, सरांनी दिलेला."

"लुगडं तिचंच हाय. नाक बी तिचंच. पर ही तानूबाई न्हवं. हिला कुणीतरी पावडर लावून आणलीया."

मग सर पुन्हा फोनवर आले, आवाज बारीक करून. "आजीचा एवढा एकच फोटो हाय, ताई. मलकापूरच्या बाजारात पडदा लावून काढलेला. मी तर तिला बघितलंच न्हाय. तिला बघितलेली आता आक्काच एकटी. ती न्हाय म्हणाली तर मी हा फोटो कुणाच्या नावावर लावू? उद्या पोरं हेच तोंड खरं धरून चालणार की."

रोहिणीला आधी रागच आला. म्हातारीचे डोळे, दुसरं काय. तरी तिनं मूळ फोटो काढला, शेजारी आपला ठेवला आणि दोन्ही मोठे केले.

मूळ फोटोत कागदाचे डाग होते, चिरा होत्या, आणि त्या सगळ्यात कपाळावर गोंदणाचा एक ठिपका अन् हनुवटीवर तीन होते. तिच्या फोटोत कपाळ साफ होतं, हनुवटी लोण्यासारखी होती. एवढ्या घट्ट घडीत ठिपका काय आणि धूळ काय, सारखंच. दोन्ही झाडून टाकलं होतं.

मग ती एकेक तोंड उघडत गेली. एका म्हाताऱ्याचे देवीचे व्रण गेले होते. एका बाईच्या खांद्यावरचं ठिगळ गेलं होतं. सगळे एकाच घरातले, खाऊनपिऊन सुखी दिसत होते. सरांनी तीन वर्षं हिंडून आणलेली माणसं तिनं एका दुपारी पुसली होती.

तिनं दर्जाचा आकडा वर नेला. ठिपके आले, पण मुद्दाम नेट मंद करून बघितलं तर अख्खा फोटो उतरेपर्यंत नुसता पांढरा चौकोन दिसायचा. तेव्हा तिला जुन्या जेपीजीची एक तऱ्हा आठवली. तीत फोटो आधी पुसट येतो, मग थराथरानं साफ होत जातो. अंगानं थोडा जड, पण वाट बघणाऱ्याला काहीतरी देत राहतो. तिनं तानूबाईचा फोटो तसा केला. शाहूपुरीत तो झटक्यात उघडला. शाहूपुरीत काय, सगळंच उघडतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी ती मलकापूरच्या एस.टी.त बसली आणि पुढं सरांच्या स्कूटरवरून वस्तीवर गेली.

आक्का आधीच तिसऱ्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. सरांनी मोबाइल त्यांच्या हातात दिला. पडद्यावर करडा धुरळा आला.

"धुकं हाय नुसतं," आक्का म्हणाल्या.

"येळ लागतोय, आक्का," सर म्हणाले. रोहिणीनं उगाच पदर सारखा केला.

"लागू दे की. रानातलं तण भांगलून यायची ती दिस बुडताना. मी बांधावर बसायची. लांबनं आदी लुगडं दिसायचं, मग चाल कळायची, मग तोंड. अशीच यायची."

धुरळ्यातून लुगड्याचा काठ आला. नाक आलं. मग कपाळावर एक, आणि हनुवटीवर एकामागून एक नव्हे, तिन्ही एकदमच.

आक्कांनी हनुवटीवर बोट ठेवलं, तसं पान वर सरकलं आणि तानूबाई पडद्याबाहेर गेली.

"गेली की."

रोहिणीनं वाकून तिला परत आणलं. आक्कांनी या खेपेला बोट लांब ठेवलं. मग पोराला म्हणाल्या, "ही. आता लाव."

सरांनी चष्मा काढून पुसला. पुसायला तसं काही कारण नव्हतं.

रोहिणीनं पिशवीतून वही काढली आणि खालच्या पायरीवर बसकण मारली. "आक्का, अजून तीनशे अकरा आहेत. कुणाच्या तोंडावर काय होतं, तेवढं तुम्ही सांगायचं."

आक्कांनी तिच्याकडं बघितलं, वहीकडं बघितलं, आणि घराच्या दिशेनं हाक दिली, "चा टाका गं. बाई बसत्यात."