सतरा नंबरची साखर

मी एक बाक बोलतोय. धसईकडच्या एका गावच्या हायस्कुलात, खिडकीजवळ माझी नेमणूक आहे. बदली नाही, बढती नाही.

नव्वदच्या सुमारास शाळा निघाली, तेव्हा गावच्या सुताराने मला तिघांसाठी घडवलं. पहिल्याच दिवशी पाच जण बसले. पोरांनी कर्कटकाने माझ्या अंगावर नावं कोरली. अभ्यासात त्यांनी तेवढा जोर कधी लावला नाही.

त्यामुळे दहावीची पहिली बॅच सगळीच्या सगळी नापास झाली. संस्थेने हेडसरांना बोलावून झापलं. मग त्यांनी उपाय काढला. नववीत जो कच्चा दिसेल त्याला नापास करायचं आणि सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भर, दहावीला बाहेरून बस. बाहेरून बसणाऱ्याचा निकाल शाळेच्या माथी येत नाही.

निकाल शंभर टक्के लागू लागला. पोरं मात्र इतकी घटली की नववी-दहावी एकाच खोलीत बसू लागली. बाहेर गेलेली पोरं भाताच्या कामाला, वीटभट्टीला लागली. परीक्षेला कोणी फिरकलं नाही. संस्थेने हेडसरांना शाल दिली. मला करमेनासं झालं.

अनिता तेव्हा नववीत, माझ्यावरच बसायची. धडा छान वाचायची, गणितात गटांगळ्या खायची. निकालाच्या दिवशी तिची आई हौसा आली. हेडसर दारातच म्हणाले, "अनिताचं सतरा नंबरचं बघा."

हौसाने शाळा अशी बाहेरूनच पाहिलेली. ती तडक दुकानात गेली, साखरेची पुडी घेऊन आली आणि चिमूट चिमूट सगळ्यांच्या हातावर ठेवली. घरात काही कार्य असेल असं समजून हेडसरांनीही तोंडात टाकली.

"पोर सतरावी आली ना, सर!"

अनिता मान खाली घालून माझी कड नखाने कुरतडत होती. "आये, तो नंबर नाय गो. मना नापास केलाय. आता शालंत नाय यायचा."

हौसाने पुडीचा कागद घडी घालून कनवटीला लावला. मग म्हणाली, "सर, साखर खाल्लीत ना?"

"हो, पण..."

"आमच्यात साखर खाल्ली का पोरीचा ठरला. मंग मोडता येत नाय."

हेडसर बी.एड. होते. खाल्लेली साखर परत कशी करायची हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. जूनमध्ये अनिता दहावीत बसली.

वर्षभर ती माझ्यावर कोपरं टेकून गणितं सोडवत होती. तरी गणितातच गेली. मला फार वाईट वाटलं. शाळेचा निकाल घसरला, तेव्हा संस्थेने कारण विचारलं.

"साखर खाल्ली होती," हेडसर म्हणाले.

ऑक्टोबरच्या परीक्षेत अनिताचं गणित सुटलं. त्याच्या पुढच्या मे महिन्यात नववीतल्या कच्च्या पोरांच्या आया एकामागून एक पुड्या घेऊन आल्या. हेडसरांनी मधुमेह असल्याचं सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

आता निकाल साठ-सत्तरच्या आसपास घुटमळतो आणि वर्ग भरलेला असतो. माझा एक पाय मोडलाय, खाली वीट लावलीय. परवा मला मोडीत काढायचं ठरलं. नवे लोखंडी बाक येणार आहेत, एकावर दोघंच.

माझी हरकत नाही. पण तिसऱ्या पोरीला कुठे बसवणार, तेवढं आधी ठरवा. मग मला न्या.