लेस्याकडची खीर

हेमचंद्रांना शेपू आवडत नसे, आणि लेस्याच्या खानावळीत शेपूवाचून पान हलत नसे. बीटाच्या लाल सारावर शेपू, दह्यात शेपू, बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांवरही शेपू.

"लहानपणी आईची नजर चुकवून मांजराला घालायचो," ते म्हणत. "आता डॉलर मोजून खातो."

"मांजर तरी खायचं का?" मधुवंती विचारी.

"नाही. तेही कोकणस्थच."

एवढं हसू त्या नवराबायकोत आता फक्त शनिवारी, इथंच व्हायचं. मरीन परेडच्या मागच्या गल्लीतलं हे युक्रेनी उपाहारगृह म्हणजे चार टेबलं आणि चुलीशी एकटी लेस्या. दोघंच असूनही मधुवंती तीन खुर्च्यांचं टेबल घेई. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या गर्दीत, जागा धरायला लोक टिश्यूचं पाकीट ठेवतात, तसं तिसऱ्या खुर्चीवर पाकीट ठेवी. कोणी खुर्ची मागितली तर म्हणे, "येणारेय कोणीतरी."

येणार होता सारंग, त्यांचा एकुलता एक. मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. जहाज बुडालं. काही माणसं वाचली, काहींचे देह मिळाले, सारंगचं काहीच मिळालं नाही.

पाण्याच्या गं वाटेवरी पाऊल उमटेना,
गेल्या माझ्या राजसाचा माग कुठे लागेना.

हेमचंद्रांची नोकरी हार्बरफ्रंटला, जहाज कंपनीच्या कचेरीत. समुद्र काय परत देतो आणि काय ठेवून घेतो, ते त्यांना ठाऊक होतं. नाशिकच्या गुरुजींशी ते बोलले होते. देह मिळाला नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, मग पुढचं सगळं.

"पोरगं मधेच अडकून पडलंय गं. त्याला वाट द्यायला हवी."

"पुतळा जाळलात की माझा मुलगा मेला," मधुवंती म्हणे. "आज तो मेलेला नाहीये. लेस्या थांबलीय ना? मग मीही थांबते."

लेस्याचा मुलगा ओस्ताप लढाईवर गेला होता. त्याचाही पत्ता नव्हता, देह नव्हता. जात्याच्या एका खुंट्याला दोघींनी हात लावावा, तशा त्या दोघी वाट पाहत होत्या. एकीचा हात जड झाला की दुसरीचा ओढून नेई.

त्या शनिवारी घरून निघताना हेमचंद्र म्हणाले, "गुरुजींनी सर्वपित्रीच्या आधीची तिथी दिलीय. तू हो म्हटल्याशिवाय कळवणार नाही." खानावळीत बसल्यावर मधुवंतीनं तिसऱ्या खुर्चीवर पाकीट तेवढं ठेवलं.

लेस्यानं न मागता वाट्या आणून ठेवल्या आणि आत गेली. शिजवलेले अख्खे गहू, वर मध, बेदाणे, खसखस. मधुवंतीनं वाटी नाकाशी नेली. तिच्या माहेरी बारसं झालं, साखरपुडा झाला, की चुलीवर हीच खीर रटरटायची.

"अहो, गव्हाची खीर," ती हळूच म्हणाली. "हिचा ओस्ताप सापडला."

"कशावरून?"

"खीर कोणी उगाच करतं का?"

ती उठलीच. टेबलावरच्या भांड्यातली चिमूटभर साखर घेऊन चुलीशी गेली आणि लेस्याच्या तोंडात घातली. तिला मिठी मारली. हसता हसता रडली. लेस्या तोंड मिटून उभी राहिली. तिला 'मधुवंती' म्हणता येत नसे.

"वंती," ती म्हणाली. "हे आम्ही मेलेल्यांसाठी करतो."

फळीवर ओस्तापचा फोटो होता. शेजारी पाण्याचा पेला, त्यावर पावाचा तुकडा. एवढे दिवस तिथं पेला नव्हता.

"सापडला का तो?"

"नाही."

"कोणी काही सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग तू कशी..."

"रोज स्वप्नात येतो. मी वाढते, तो बसत नाही. दारात उभाच. मुलाला किती उभं ठेवायचं?" लेस्यानं ॲप्रनला हात पुसले. "देवळात त्याचं नाव जिवंतांच्या प्रार्थनेत द्यायचे. परवा मेलेल्यांच्यात दिलं."

"मला विचारायचंस तरी."

"तू थांब, वंती. तुझं वेगळं आहे."

"एकटी?"

लेस्या कढईकडे वळली.

मधुवंती जागेवर आली. बोटांना साखर चिकटली होती. हेमचंद्र वाटीतले गहू चमच्यानं इकडून तिकडे सारत बसले होते. तिनं आपली वाटी ओढली आणि एक घास घेतला. गहू नीट शिजले होते. ती चावत राहिली, कितीतरी वेळ.

"आत ये म्हणायला हवं ना हो त्याला," ती म्हणाली.

हेमचंद्रांनी मान खाली घातली.

"कळवा गुरुजींना."

तिनं वाटी तळापर्यंत संपवली. खीर टाकायची नसते. तेवढ्यात एका तरुण मुलीनं तिसऱ्या खुर्चीवर हात ठेवून विचारलं, "कोणी बसणार आहे का?"

मधुवंतीनं टिश्यूचं पाकीट उचललं. फोडलं. एक कागद नवऱ्याला दिला, एक स्वतःला घेतला.

"ने," ती म्हणाली.