एकच घर दोनदा

मित्रांनो, आचाओ गावात शाळेच्या वाटेवर एक खिडकी आहे. तिच्या आत काळपट हिरव्या रंगाचे, बाजूला दांडा आणि वर कागदाची गुंडाळी असलेले एक अवजड यंत्र तुम्ही येता-जाता पाहिले असेल. ते बेरजेचे जुने यंत्र म्हणजे मी. माझे कौतुक पुष्कळांनी केले आहे. आज मात्र मला माझा गुन्हा सांगायचा आहे.

दूरच्या एका कारखान्यात मी जन्मलो. जहाजाने पुएर्तो मोंत बंदरात आलो आणि तिथून लोकरीच्या घोंगडीत गुंडाळून होडीने या बेटावर. हिशेबनीस आर्तेमिओ बार्रिया यांनी मला टेबलावर बसवले. ते आकड्यांची बटणे दाबत, दांडा ओढत आणि मी कागदावर बेरीज छापत असे. बटाटे, लोकर, सुकवलेले शिंपले, सगळ्यांचे हिशेब माझ्या पोटातून गेले. अधूनमधून मी अडकायचो. मग आर्तेमिओ माझ्या कुशीवर चापट मारून म्हणायचे, "काय रे म्हाताऱ्या, सकाळी जेवला नाहीस का?" पण बेरीज माझी कधी चुकली नाही. "माणूस चुकेल, हा नाही चुकायचा," असे ते आल्यागेल्याला सांगत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

सगळ्यांत नाजूक काम वारसा कराचे. त्या कामाला येणारी माणसे काळे कपडे घालून येत आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसत. एके दिवशी एदुविना तशीच येऊन बसली. फिदेलिया मान्सिया ही म्हातारी वारली होती. तिला मूलबाळ नव्हते. दीड वर्षाच्या एदुविनाला तिने शेजारच्या बेटावरून आणून वाढवले होते आणि मरताना सगळे तिच्याच नावे लिहून ठेवले होते. अशा पोसलेल्या लेकी आमच्याकडे घरोघरी आहेत. त्यांचे कागद करायला हवेत, हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

"आधी मयताचा खर्च सांग, तो वजा होतो," आर्तेमिओ म्हणाले. "नऊ दिवसांच्या प्रार्थनेला मेंढ्या किती लागल्या?"

"सात."

"सात? अगं, प्रार्थना होती की जत्रा?"

"तुम्हीच तीन दिवस जेवायला होतात, काका. काकूंसाठी डबा नेलात तो वेगळाच."

आर्तेमिओंनी खाकरून सात मेंढ्या लिहिल्या. मग त्यांनी विचारले, "नातं काय लिहू?"

"लेक."

"कागदावर?"

एदुविनाने मान खाली घातली. "कागदावर कोणीच नाही."

"मग परकी धरावी लागेल, पोरी. लेकीला मोठी सूट मिळते, भाचीला थोडी. परक्याला सूट नाहीच, वर कर चाळीस टक्के जादा."

"धरा," ती म्हणाली.

आता माझी पाळी आली. फिदेलियाच्या जमिनी दोन, एक किनाऱ्यावर आणि एक टेकडीवर. घर आधी किनाऱ्यावर होते. समुद्र काठ खाऊ लागला, तेव्हा गावाने त्या घराखाली ओंडके घातले आणि बैलांच्या जोड्या लावून ते आख्खे घर टेकडीवर ओढून नेले. त्या दिवशी आर्तेमिओ स्वतः दोर धरून होते. बटाट्याच्या जाड मिल्काओ भाकऱ्या त्यांनी इतक्या खाल्ल्या, की घरी परतताना त्यांनाच ओढायला बैल हवे होते. पुढे कर कचेरीने टेकडीच्या जमिनीवर ते घर त्याच किमतीला चढवले आणि किनाऱ्यावरून खोडायला मात्र ती विसरली. आर्तेमिओंनी समोरचे दोन्ही कागद जसेच्या तसे मला भरवले.

घराच्या किमतीची तीच सात बटणे, त्याच क्रमाने, पुन्हा एकदा दबली. आर्तेमिओंच्या बोटांना ते कळले नाही. मला कळले. मी अडकायला हवे होते. बटाट्याच्या फुटकळ हिशेबात मी शंभरदा अडकलो होतो. पण त्या सकाळी मला ताजे तेल घातले होते, आणि नुकतेच एदुविनाच्या देखत माझे कौतुक झाले होते. मी लोण्यासारखा चाललो. याची मला अजून लाज वाटते.

एदुविनाने सगळ्यांत खालच्या आकड्यावर बोट ठेवले. "इतका?"

"यंत्राचा आकडा आहे, पोरी."

"मग बरोबरच असेल."

कर भरायला तिने बैलांची जोडी विकली. क्लावेल आणि लुसेरो. बेटावर कोणाचेही घर हलायचे असले, की ही जोडी सर्वांत पुढे असे. आता घर ओढायचा दिवस आला, की एदुविना रिकाम्या हातांनी कशी जायची म्हणून घरातच बसू लागली.

दोन हिवाळे गेले. रोसाल्बा नावाची बाई आपले घर हलवण्याआधी कागद विचारायला आली. "घर हललं की कर कचेरीला कळव हं," आर्तेमिओ तिला सांगू लागले, "नाहीतर ते दोन्ही..." आणि ते मध्येच थांबले. रोसाल्बा गेल्यावर त्यांनी जुनी गुंडाळी काढली, आकड्यांवरून बोट फिरवले आणि डोके धरून बसले. मग त्यांनी एदुविनाला बोलावून सगळे कबूल केले. अर्ज गेला आणि जादा घेतलेले पैसे परत आले. बैल मात्र केव्हाच मुख्य भूमीवरच्या कसायाकडे गेले होते.

"तू तेव्हा भांडली का नाहीस गं?" आर्तेमिओंनी तिला विचारले. त्यांचे डोळे भरले होते. "त्या घराला ओढताना पुढे तुझेच बैल होते. एकाच घराचा कर दोनदा कसा, म्हणून माझं डोकं फोडायचंस!"

एदुविना म्हणाली, "मी एकेक आकडा कुठं वाचला, काका? मी फक्त खालचा आकडा पाहिला. वाटलं, आई म्हणत होते ना तिला, त्याचा हा दंड. मी तिची इतकी परकी होते, हे मला त्या दिवशी कळलं."

मित्रांनो, त्यानंतर माझे कौतुक कोणी केले नाही, आणि झाले असते तरी मला ते नको होते. आता मी खिडकीत धूळ खात असतो. तुम्ही मोठे व्हाल, कोणाची तरी बेरीज तुमच्यापुढे येईल. ती वरपासून वाचा. समजली नाही तर पुन्हा करायला लावा. आम्हा यंत्रांना त्याचा राग येत नाही. आणि ज्या मुलीला तुमच्या घरात लेक म्हणतात, तिचा कागद म्हातारी जिवंत आहे तोवर करून घ्या.