मेढीवरचं डालगं

अंजिराने हात धुतले नव्हते. एवढंच माझं गाऱ्हाणं, आणि एवढं पुरे आहे.

फाल्गुनातली दुपार होती, आम्रमोहराने जडावलेली, मधुगंधाने आळसावलेली. डोंगराच्या नीलश्यामल खांद्यावर ऊन कलंडलं होतं. माळावर पळस पेटला होता, पानाविण, धुराविण, नुसत्या केशरी ज्वाळांचा. आणि माझ्या स्वयंपाकघरात, कौलांच्या फटीतून, एक कवडसा उतरला होता. सोनसळी, सरळ, सुईत ओवावा असा.

त्या कवडशासाठीच आम्ही दोघी चुलीपाशी बसलो होतो.

आमच्या करंजवाडीची रीत आहे ती. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसून दहा दिवस झाले, की एकेक अंडं कवडशात धरायचं. जीव धरला असेल तर अंडं आतून उजळतं. रक्तवर्ण, अरुणगर्भ, आणि त्या अरुणात पिंपळपानाच्या जाळीसारख्या तलम शिरा थरथरतात. जीव नसेल तर ते नुसतं पिवळं दिसतं, तेल संपलेल्या समईसारखं. ते बाजूला काढायचं. वाडीत याला नजर अंजिराची. माझ्या डोळ्यांत आता मोतीबिंदूचं धुकं साचलंय. म्हणून तिला मीच बोलावलं. मीच. ते मी झाकून ठेवत नाही. झाकपाक करणारी बाई वेगळी.

जांभळी बांबूच्या डालग्याखाली बसली होती. माझी जांभळी! पावसाळी ढगाच्या अंगाची, मोरकंठी झळाळीची, माणकासारख्या डोळ्याची. मी सासरी निघाले तेव्हा आईने काखेत एक तलंग, कोवळी कोंबडी, दिली होती. तिच्या लेकींच्या लेकींची ही लेक. माहेरचं घर गेलं, आई गेली, वाटसुद्धा बुजली. तेवढं कूळ माझ्या अंगणात दाणे टिपत राहिलं होतं.

अंजिराने जांभळीच्या पोटाखाली हात घातला. त्या उबदार, मखमली, श्वास घेणाऱ्या अंधारात. पंधरा अंडी एकेक करून बाहेर आली, उजळली, परत गेली. दोन बाजूला राहिली.

"आक्का, तेरा तांबडी हाईत बघा. अंगण पुरायचं न्हाई तुमाला."

"तुज्या तोंडात साखर पडू दे. आणि काय गं, तुजा कोंबडा दोन पहाटा आरवला न्हाई? लेकीच्या सुपारीला पाव्हणं परवा येणार, आणि रस्सा आदीच केलास व्हय?"

अंजिरा हसली. पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. पाहुणे यायचे आणि कोंबडा गप्प व्हायचा, यात वाडीतल्या कुणाला नवल वाटलं असतं? कोंबडा चुलीवर चढतो, आम्ही बाया समजून घेतो. माझं पांढरं डोकं तिथेच फसलं.

आता आमचा कायदा सांगते. तो कागदावर नाही. करंजाच्या झाडाखाली दुपारी आम्ही तांदूळ निवडत बसतो, तिथे तो बोलण्यात मुरलेला आहे, लोणच्यात मीठ मुरावं तसा. पिल्लांना वाळवी घाल, पंख लवकर फुटतात. पहिलटकरणीला अंड्यांवर बसवू नको, ती मन लावत नाही. कणीत लसूण ठेच. घार हिंडायला लागली तर काठीला लाल लुगडं बांध. कुणी विचारावं, कुणी सांगावं, कुणी "तुला गं काय कळतंय" म्हणून फटकारावं. आणि सगळ्यांच्या वर एकच गोष्ट. घरात मानमोडी शिरली, पहिली कोंबडी मान वाकडी करून पडली, की त्याच घटकेला रिकामं डालगं दारातल्या मेढीवर, लाकडी खांबावर, चढवायचं.

मेढीवर डालगं दिसलं की वाडी ओळखते. कोंबड्या आत कोंडते. त्या अंगणात कुणी पाय घालत नाही, त्या घरचं कुणी दुसऱ्याच्या खुराड्यापाशी जात नाही. कुणी विचारत नाही, कुणी हिणवत नाही. उलट भाकरी-कालवण कुंपणावरून पोचतं. माझ्या सासूच्या काळापासून ते डालगं कधी खोटं बोललं नव्हतं.

अंजिराची मेढ त्या दिवशी मोकळी होती. निर्मळ, नितळ, नवरीच्या कपाळासारखी. पाव्हण्यांसाठी तिने तिला आंब्याचा टाळा बांधला होता.

त्या कवडशानंतर सहाव्या दिवशी जांभळीची मान वळली.

आधी डोळ्यातलं माणिक मावळलं. मग ती मोरकंठी मान हळूहळू मागे वळत गेली, वेलीला पीळ पडावा तशी, आणि चोच आभाळाकडे लागली. पायांत बळ नाही, घशात पाणी नाही. पण पंख? पंख तिने अंड्यांवरून उचलले नाहीत. दोन दिवस ती वाकड्या मानेने आभाळ बघत राहिली आणि सरळ पंखांनी तेरा जीव झाकत राहिली. अठराव्या दिवशी सकाळी मी हात लावला. पाठ गार होती, आणि पोटाखाली अजून ऊब होती.

माझं डालगं पहिल्याच घटकेला मेढीवर चढलं होतं. पण रोगाचा वारा तोवर वाडीभर फिरला होता. अकरा घरं. आज एक डालगं, उद्या तीन, परवा पाच. मेढीमेढीवर ती रिकामी, बांबूची, बिनडोळ्यांची डोकी. पहाट होई, डोंगर उजळे, आणि आरवायला कुणी नसे. मुकी पहाट. निःशब्द, निष्प्राण, निपुत्रिक पहाट.

आम्ही कुंपणाआडून एकमेकींशी बोलत होतो. पुतळा, माझी शेजारीण, रडून रडून सुजली होती. सतरा गेल्या तिच्या. आणि अंजिरा आपल्या मोकळ्या मेढीला टेकून मोठ्यांदा म्हणाली, "त्यो ब्रॉयलरचा टेम्पो आला न्हवता का? त्येनंच आणलीया ही बला!"

पुतळाने मान हलवली. सगळ्यांनी हलवली. मीसुद्धा.

जांभळीला मी ओढ्याकाठी, करंजाच्या सावलीत पुरायला नेलं. कुदळ मारली, माती ओलसर लागली, भुसभुशीत, कुणीतरी आधी उकरलेली. आणि मातीतून वर आली शेपटीची पिसं. ताम्रवर्णी, अग्निशिखेसारखी. वाडीत तसली शेपटी एकाच कोंबड्याला होती. खाली पाय, आणि पायाला चिंधी. पिवळी, तांबड्या ठिपक्यांची. आमच्यात घराघराची चिंधी ठरलेली असते, कोंबडी कुणाची ते कळावं म्हणून. ही चिंधी अंजिराच्या घरची. ते चोळीचं कापड तिला मीच दिलेलं, ती नवी नवरी असताना, पहिली तलंग अर्धलीने दिली तेव्हा: पिल्लं निघाली की निम्मी तिची, निम्मी माझी.

तो रश्श्यात गेला नव्हता. तो मानमोडीने गेला होता. पाव्हणे यायच्या आधी तिने त्याला इथे गाडला. आणि तीच माती नखांत घेऊन, तेच हात घेऊन, ती माझ्या कवडशात येऊन बसली.

मी चिंधी सोडून कनवटीला खोचली, जांभळीला मातीआड केलं. कुदळ टाकून घरी आले. कारण तेरा अंडी होती, आणि तीन दिवस उरले होते.

जुनं लुगडं, भाताचा कोंडा, चुलीची मंद ऊब. मी टोपली माळ्यावर, अंगणापासून लांब ठेवली. कोंडा गरम करायचा, गालाला लावून बघायचा, अंडी फिरवायची. जांभळी चोचीने फिरवत असे तशी, हलक्या हाताने. प्रत्येक वेळी माझे हात राखेने घासून, धुऊन. तीन दिवस मी कोंबडी झाले. हसा हवं तर.

एकविसाव्या दिवशी, दुपारी, कवडसा टोपलीच्या काठाला लागला आणि आतून टकटक आली. क्षीण, हट्टी, हिरकणीच्या टोकासारखी. तेरांतली चारच फुटली. ओलेती, लडबडलेली, चिवचिवणारी. एकाच्या पाठीवर, ओल्या काळोखात, जांभळी झाक होती.

ती चिवचिव कुंपणापार गेली. मुक्या वाडीत ती जाणारच. आणि तिच्यामागून अंजिरा आली, माझ्या डालग्याखालून, माझ्या मेढीपाशी.

"आक्का, पिल्लं निगाली म्हणं? बगू तरी." मग हळू आवाजात, "आमच्यात येक उरली न्हाई वो. थोरली झाली की येक जोडी अर्धलीनं द्या की. पयल्यासारखी."

मी कनवटीची पिवळी चिंधी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

तिचा चेहरा राखेसारखा झाला. "पाव्हणं येणार व्हतं वो आक्का," ती म्हणाली. "दारात डालगं लावून लेक कशी दावायची?"

पुतळा कुंपणाशी आली होती. वाडी ऐकत होती. पळसाची एक पाकळी तिच्या आणि माझ्यामध्ये गळून पडली. आणि मी बोलले.

"ऐक अंजिरा. मानमोडी काय तुज्या बापानं आणली न्हाई, कोंबडा मेला त्येचा दोष तुला न्हाई. येक हाक मारली असतीस तर मी सोता पाव्हण्यांपुडं हुबी ऱ्हायली असती. म्हणाली असती, ज्या घराच्या मेढीवर डालगं चढतंय त्या घरची लेक डोळं झाकून न्या, तितं खोटं पिकत न्हाई. तू ते डालगं लपवलंस. मुडद्याच्या मातीचा हात माज्या जांभळीच्या पोटाखाली घातलास, आणि वर हसलीस. पिल्लू न्हाई मिळायचं. अर्धलीनं न्हाई, इकत न्हाई, भीक म्हणूनबी न्हाई. जा, तो टाळा काड आणि तुजं डालगं मेढीवर चढव. दिसू दे वाडीला. ऊन खाऊ दे त्येला, पाऊस खाऊ दे, वाळवी खाऊ दे. कुजून, झिजून, आपसूक गळून पडंल, त्या दिशी ये माज्या दारात. आणि येताना, बाई, हात धुऊन ये."