जवारीतली पेटी

ही गोष्ट एक्याण्णव सालची. पिंपळगाव राजात तेव्हा कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी होती, आणि भगवानरावांच्या घरात मात्र एक कॉम्प्युटर रोज संध्याकाळी पाटावर बसून इंग्रजी बोलत होता.

होता तो लहान मुलांचा, शिकण्याचा. निळा-पिवळा, प्लास्टिकचा, वहीसारखा उघडणारा. खोक्यावर लॅपटॉप असं छापलेलं होतं, पण तो शब्द घरात कोणाच्या तोंडी बसला नाही. सगळे त्याला पेटी म्हणत. पेटीत एक बाई होती, ती अक्षरं म्हणून दाखवायची. बरोबर कळ दाबली की गाणं वाजायचं, चुकीची दाबली की बाई न रागावता पुन्हा विचारायची. "आमच्या मास्तरपेक्षा हे मडम बरी," असं भगवानराव म्हणायचे. त्यांनी शाळा तिसरीत सोडली होती आणि त्याचं खापर ते आजही मास्तरांवर फोडत.

पेटी आणली होती लक्ष्मीकांतानं. हा भगवानरावांचा धाकटा भाऊ, नाशिकला विम्याच्या कचेरीत कारकून. त्याच्या साहेबांनी ती सिंगापूरहून आपल्या मुलासाठी आणली, मुलाचं मन महिन्याभरात भरलं, आणि साहेबांनी ती लक्ष्मीकांताला देऊन टाकली. लक्ष्मीकांताची पहिली बायको लेक चौदा महिन्यांची असताना गेली होती. ती लेक, शरयू, तेव्हापासून इथंच वाढली, भगवानरावांच्या बायकोच्या, शालूबाईच्या मांडीवर. शालूबाईला स्वतःचं मूल नव्हतं. गावानं त्यावर बोलायचं तेवढं बोलून घेतलं होतं. शरयू तिच्या कमरेवर बसल्यावर गाव आपोआप गप्प झालं. शरयू तिला मोठी आई म्हणायची. नाव मोठी आई, पण दुसरी कुठली आई घरात होती कुठं?

पेटीबरोबर इंग्रजी माहितीपत्रक होतं. लक्ष्मीकांतानं ते एकदाच, ओसरीवर बसून, मराठीत सांगत सांगत वाचलं. शालूबाई चौथी पास. पण ऐकलेलं विसरणं तिच्या स्वभावात नव्हतं. जुने आणि नवे सेल एकत्र घालायचे नाहीत. खेळणं झालं की बटण बंद, आणि आठ दिवस वापरायची नसेल तर सेल बाहेर. मागच्या झाकणाचा स्क्रू पक्का, म्हणजे पोर सेल तोंडात घालणार नाही. उन्हात ठेवायची नाही, चुलीजवळ तर नाहीच. पाण्याचा हात लावायचा नाही. पुसायची तर दमट फडक्यानं, तेही सेल काढून. तोंडाजवळ धरायची नाही, आणि अर्ध्या तासानं डोळ्यांना सुट्टी द्यायची.

शालूबाईनं यात आपली कलमं वाढवली. गुळाच्या हातानं कळ दाबायची नाही. शेजारच्या अंबूबाईच्या नातवांनी लांबून पाहायचं. अर्धा तास झाला की नाही हे ती चुलीवरच्या वरणावरून ओळखायची आणि आतून हाक मारायची, "शरू, बंद कर बरं आता, मडमचा घसा बसंन." एकदा भगवानरावांनी रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरीसाठी पेटीतले दोन सेल मागितले. त्यांना जे ऐकावं लागलं त्यानंतर ते तीन रात्री कंदील घेऊन वावरात गेले.

मेमध्ये लक्ष्मीकांतानं दुसरं लग्न केलं. मुलगी अकोल्याची, प्रतिमा, शिकलेली, तिशीची. सगळ्यांना बरं वाटलं. शालूबाईलाही वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. मग भाद्रपदात पत्र आलं: दसऱ्याला दोघं येतो, शरयूला घेऊन जातो, दुसऱ्या सत्रापासून नाशिकच्या शाळेत घालतो. पत्र भगवानरावांनी दोनदा वाचून दाखवलं. शालूबाई म्हणाली, "चांगलं झालं," आणि तांदूळ निवडायला बसली. निवडलेले तांदूळ तिनं पुन्हा निवडले.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. मनात एकच होतं, पोरगी जाऊ नये. हे बोलायची सोय नव्हती. बाप आपली लेक नेतो, त्यात काय चूक? पण शरयूची वेणी घालताना तिचे हात रेंगाळायचे, पोरगी ओरडायची, "ओढून काऊन राह्यली व!" आणि शालूबाईच्या डोळ्यांत उगीच पाणी यायचं. पोरगी समोर बसलेली असतानाच तिला पोरीची आठवण यायला लागली होती.

दसऱ्याला सकाळी अंगणात अवजारं मांडली. वखर, डवरा, विळे, कुऱ्हाड, आणि एका बाजूला पाटावर शरयूची पाटी, तिच्यावर रांगोळीसारखी काढलेली सरस्वती. आता वर्षभर ज्या पेटीला शालूबाईनं वारा लागू दिला नव्हता, ती पेटी अशा दिवशी कपाटात कशी ठेवायची? विद्या देणारी वस्तू, तिला हळदकुंकू नको? तिनं स्वतःच ती आणून पाटीशेजारी उघडून ठेवली. शरयूनं हौसेनं बटणही सुरू केलं. पुऱ्या तळायला आत जाताना शालूबाईनं बजावलं, "अहो, तिच्यावर पाणी नोका शिपू. नुसतं फूल ठेवजा."

भगवानरावांनी मान हलवली. पण वखराला, डवऱ्याला, कुऱ्हाडीला तांब्यातलं पाणी ओंजळीनं मारत ते पुढं सरकले, हात लयीत होता, आणि पेटीलाही इतर अवजारांइतकंच भरभरून पाणी मिळालं. वर मूठभर कुंकू. पेटीतल्या बाईनं एक अक्षर अर्धं म्हटलं आणि ती बंद पडली.

शरयूच्या किंकाळीनं शालूबाई झाऱ्यासकट बाहेर आली.

"अवं, देवाचं पाणी हाये, त्यानं काय होते?" भगवानराव म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

शालूबाईनं बोलण्यात वेळ घालवला नाही. बटण बंद केलं, सुरीच्या टोकानं स्क्रू काढला, सेल बाहेर घेतले, पेटी उपडी धरली. पाणी ठिबकलं, लालसर. भगवानराव म्हणाले, छपरावर टाकू, उन्हात तासाभरात वाळंन. ती म्हणाली, "उन्हानं काच जाते. ठावं नाही त तोंड बंद ठेवा." मग तिनं पेटी धोतराच्या जुन्या तुकड्यात गुंडाळली, दाणा आत जाणार नाही अशी, आणि टिनाच्या कोठीत जवारीत कोपरभर खोल पुरली. जवारी ओल ओढून घेते हे तिला कोणत्या पत्रकानं सांगायची गरज नव्हती.

दुपारच्या गाडीनं लक्ष्मीकांत आणि प्रतिमा आले. घरात सणाऐवजी सुतक असल्यासारखं वातावरण. शरयू कोठीला पाठ लावून बसलेली. बापानं सांगितलं, नाशिकला नवी घेऊ. तिनं नाही म्हणून मान हलवली. प्रतिमा जवळ जाऊन नुसती बसली. शरयू तिच्याकडे न पाहता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पेटी बरी झाल्याबिगर मी कुठीच नाही येत."

लक्ष्मीकांताला चार दिवसांची रजा होती. पेटीला तीन दिवस तरी लागतील असं शालूबाईनं सांगितलं. सांगताना ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुषमाणसं शरयूला घेऊन वावरात कपाशी पाहायला गेली. प्रतिमा डोकं दुखतं म्हणून आतल्या खोलीत आडवी झाली होती. शालूबाईनं कोठीत हात घातला. पेटी कोरडी लागली. तिनं नवे सेल घातले, स्क्रू लावला, आणि दार लोटून घेऊन बटण दाबलं. काचेवर अक्षरं उमटली. गाणं वाजलं, पूर्ण. मग बाईनं स्वच्छ आवाजात नमस्कार केला, जसा रोज शरयूला करायची.

शालूबाईला आधी आनंदच झाला. मग ती तिथंच जमिनीवर बसली. ही सुरू झाली म्हणजे पोरगी चालली. आणि ही सुरू झाली नाही तर? दिवाळी आहे, मग संक्रांत आहे. पुढचं वर्ष आहे. तिनं पेटीच्या झाकणावरून हात फिरवला, बटण बंद केलं, सेल काढले, फडकं गुंडाळलं आणि पेटी पुन्हा जवारीत पुरली, आधीपेक्षा खोल.

संध्याकाळी शरयूनं विचारलं, "वाळली का व?"

"नाही वाळली अजून," शालूबाई म्हणाली. सहा वर्षांत पोरीशी बोललेलं तिचं पहिलं खोटं. ते इतकं सहज बोलता आलं याचीच तिला भीती वाटली.

तिसरा दिवस शरयूनं कोठीशीच काढला. दर घटकेला विचारायची, आणि शालूबाई नाही म्हणायची, कधी चुलीत फुंकर मारत, कधी पाठमोरी. दिवेलागणीला लक्ष्मीकांत म्हणाला, "वहिनी, जबरदस्ती करून नेण्यात अर्थ नाही. राहू द्या तिला. दिवाळीनंतर पाहू." शालूबाईनं "बरं" म्हटलं. छातीत काहीतरी मोकळं झालं, इतकं की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

लक्ष्मीकांत बॅग भरत होता. तळाशी हात गेला तर शरयूचे दोन फ्रॉक निघाले, घडी वेडीवाकडी, त्यांच्या आत कंगवा आणि लाल फीत.

"हे तुम्ही ठेवले, वहिनी?"

शालूबाईनं नाही म्हटलं. दोघांनी शरयूकडे पाहिलं. पोरगी उठली, बापाच्या हातातून फ्रॉक घेतले आणि ते कोनाड्यात जागच्या जागी ठेवायला लागली. रडली नाही. पाठ तशीच ठेवून म्हणाली, "पेटी बरी होईन तवा यायचं होतं मले. ते तुम्ही देलती. सोडून कशी येऊ?" आणि मग, फीत गुंडाळत, अगदी मोठ्या बाईसारखं, "जाऊ द्या बाबा. तुम्ही तं दरवेळी जाताच."

शालूबाईला वाटत होतं, झुरणं आपल्याच वाट्याला आलंय. बाप यायचा तो शनिवारच्या गाडीनं; सहा वर्षं ही पोरगी दर शनिवारी गाडीच्या आवाजाला दारात जायची, हे तिनं पाहिलं होतं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. ती उठून सरळ कोठीकडे गेली.

जवारीत खांद्यापर्यंत हात घालून ती पेटी शोधत होती तेव्हा कोठीचं झाकण कोणीतरी धरलं. प्रतिमा होती.

"काल दुपारी मला गाणं ऐकू आलं होतं, ताई," ती हळूच म्हणाली.

शालूबाईचा हात जवारीतच थांबला. "मंग बोलली काऊन नाही?"

"काय बोलू? तुमच्या हातातून ओढून नेली तर ती माझ्याजवळ कशी राहील? तुम्ही स्वतः पेटी काढली तर शरयूला न्यायचं, नाहीतर नाही, असं ठरवलं होतं मी."

शालूबाईनं पेटी काढून प्रतिमाच्या हातात दिली. बाहेरून शरयूनं फडकं पाहिलं आणि ती धावत आली.

सकाळी खामगावची गाडी येईपर्यंत सगळे फाट्यावर उभे होते. शरयू बापाचं बोट धरून, पेटी छातीशी. भगवानराव तिच्याशी मडमच्या आवाजात इंग्रजी बोलत होते आणि पोरगी हसत होती. शालूबाईनं प्रतिमाला बाजूला घेतलं.

"हे पाह्य, जुने-नवे सेल एकत्र नोको घालजो. आठ दिवस नाही वापरली तं काढून ठेवजो. स्क्रू ढिला होते, पाहत जाजो. उन्हात नाही ठेवायची."

"हो, ताई."

"अर्ध्या तासाच्या वर बसू नोको देजो, डोळ्यातून पाणी येते तिच्या. उजव्या डोळ्यातून जास्त. उन्हात तिचं नाक फुटते, तवा कांदा हुंगाले देजो, भिऊ नोको. दूध तिले गरम चालत नाही, कोमट लागते. केस धुतले का लगेच पुसजो, नाहीतं सर्दी होते, मंग छातीत भरते. भाजी आवडली नाही तं सांगत नाही, नुसती बाजूला लोटते, तुले पाहा लागंन. पायाले हात लावला का जागी होते, म्हणून उठवाचं तं कपाळावर हात ठेवजो..."

प्रतिमा सगळं ऐकत होती. गाडी वळणावर दिसली. लक्ष्मीकांतानं बॅग उचलली. प्रतिमानं घाईनं शालूबाईचा हात धरला.

"ताई, आणि रात्री उठून रडायला लागली तर? तेव्हा काय करायचं?"

शालूबाईनं आठवून पाहिलं. सहा वर्षं आठवून पाहिली.

"ते मले नाही ठावं, बाई," ती म्हणाली. "माह्याजवळ ते रात्री कधी रडलीच नाही."